बिस्किटची निवडणूक

आमच्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश व्हायला तीन अटी आहेत. उमेदवार वकील असावा, त्यानं तिशी ओलांडलेली असावी आणि लोकांनी त्याला मतं देऊन निवडून आणावं. कुत्र्याची अट कुठंही लिहिलेली नाही. ती व्यवहारात आपोआप लागू होते.

लेनोरा व्हँडरकूक यांना हे ठाऊक नव्हतं. सतरा वर्षं त्या शेजारच्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, न्यायाधीश होत्या. तिथल्या एका वराहपालन कंपनीनं कुणाची तरी विहीर नासवली, तेव्हा त्याच्या बाजूनं त्यांनी दिलेला निकाल मी वाचला होता. मी शाळेची बस चालवून निवृत्त झालेला माणूस, पण तो मला पहिल्या वाचनात समजला. कायद्याच्या कागदाबाबत असं माझ्या आयुष्यात एकदाच घडलं.

निकाल वाचायचं कारण म्हणजे माझीही विहीर अशाच एका कंपनीनं नासवली आहे. सहा वर्षं माझी बायको डोरीन चर्चच्या नळावरून पिण्याचं पाणी कॅनमध्ये भरून आणते. खालच्या कोर्टात आम्ही जिंकलो, मधल्या कोर्टात हरलो आणि आता सर्वोच्च न्यायालयाच्या दारात उभे होतो. तिथल्या सहा न्यायाधीशांपैकी कोण कुठं झुकतो हे सगळ्या राज्याला पाठ आहे : तीन आमच्याकडे, तीन कंपनीकडे. सातवी खुर्ची रिकामी होती. तिच्यासाठी बाई उभ्या राहिल्यात असं कळताच मी पत्रकं वाटायला हजर झालो.

प्रचार ब्रॅडी केलम यांच्या हाती होता. तीन शेरीफ आणि एक प्रेततपासनीस निवडून आणल्याचा त्यांचा दांडगा अनुभव. बाई म्हणाल्या, मी माझ्या निकालांबद्दल लोकांशी बोलेन.

"नियमात बसत नाही, मॅडम," ब्रॅडी म्हणाले. "उद्या जे कोर्टासमोर येऊ शकतं, त्यावर उमेदवारानं मत मांडायचं नाही."

"अहो, कोर्टासमोर काहीही येऊ शकतं. खून, जमीन, पाणी."

"म्हणूनच कशावरच बोलायचं नाही. मग उरतं घरदार. नवरा?"

"नाही."

"मुलं?"

"नाहीत. एक मांजर आहे."

ब्रॅडींनी पेन खाली ठेवलं. "ते कुणाला सांगू नका. समोरच्या उमेदवाराकडे दोन शिकारी कुत्रे आहेत."

तेव्हा मीच म्हणालो की, माझ्याकडे बिस्किट आहे. माझीच जीभ, दुसऱ्या कुणाला बोल लावू?

बिस्किट अकरा वर्षांचा, लांब कानांचा, कमालीचा आळशी. कॅमेऱ्यासमोर तो बाईंच्या पायांवर हनुवटी टेकून झोपला आणि सगळं राज्य विरघळलं. मग माशा मारायच्या जाळ्यांवर त्याचं चित्र छापलं, त्या काउंटीच्या जत्रेत फुकट वाटल्या. तिथं बाईंनी पुराव्याच्या कायद्यावर चार वाक्यं बोलून पाहिली. लोक भाजलेली कणसं खात त्यांच्या पायांशी झोपलेल्या बिस्किटकडे बघत राहिले. शेवटी एका आजीबाईंनी हात वर केला आणि त्याला पोटावर खाजवलेलं चालतं का, असं विचारलं.

विरोधी पक्षानं प्रश्न गंभीरपणे घेतला. टीव्हीवर जाहिरात आली : बिस्किट शेजारच्या राज्यात जन्मला, हे लपवलं का? लपवलं नव्हतं, कुणी विचारलंच नव्हतं. मला पत्रकार परिषदेत लसीकरणाचा दाखला दाखवावा लागला. पुढच्या आठवड्यात दुसरी जाहिरात : माझ्या शेडमध्ये चोर शिरले त्या दिवशी बिस्किट भुंकलाच नाही, म्हणजे तो गुन्हेगारांबाबत मवाळ आहे. यावर वर्तमानपत्रांत दोन अग्रलेख झाले. बाईंनी सतरा वर्षांत दिलेल्या निकालांवर एक ओळही आली नाही.

"रोख कुत्र्यावर आहे तोवर आपण पुढे आहोत," ब्रॅडी म्हणाले, आणि ते खरं ठरलं. बाई नऊ हजार मतांनी निवडून आल्या. आणखी तेवीसशे मतदारांनी मतपत्रिकेवर हातानं बिस्किटचंच नाव लिहिलं होतं. तो वकील नसल्यामुळे ती मतं बाद झाली.

त्या दिवशी डोरीननं रिकामे कॅन धुऊन माळ्यावर टाकले.

महिन्याभरानं बाईंचं पत्र आलं. मी पत्रकं वाटली त्याला हरकत नव्हती, पण कुत्रा ही पक्षकाराकडून घेतलेली वस्तुरूप मदत ठरते. सबब त्या आमच्या खटल्यातून बाजूला होत होत्या. पत्रही पहिल्या वाचनात समजलं. मला त्यांचा राग आला नाही, तेच जास्त लागलं.

कंपनीकडे झुकलेल्या तिघांच्या निवडणुकीतल्या जाहिराती कंपनीच्याच पैशावर झाल्या होत्या. पण तो पैसा 'निर्मळ न्याय नागरिक समिती'मार्फत आला होता आणि तिच्याकडे कुत्रा नव्हता. ते तिघे जागचे हलले नाहीत. निकाल तीन विरुद्ध तीन. बरोबरी झाली की मधल्या कोर्टाचा निकाल कायम राहतो. डोरीननं शिडी लावून कॅन खाली काढले.

"नियम पाळणारी एकच बाई सापडली," ती म्हणाली, "आणि तिला आपणच निवडून आणली."

परवा चर्चच्या नळावर रांगेत एकानं मला विचारलं, त्या निवडून आलेल्या न्यायाधीशबाईंचं नाव काय हो? बिस्किटवाल्या. मी तोंड उघडलं होतं, पण मागच्या माणसानं सांगितलं की, नाव काहीही असेना, कुत्रा गुणी होता. सगळ्यांनी मान डोलावली. मी त्यांना अडाणी म्हणणार होतो.

पण तुम्हीही सगळं नीट, पहिल्यापासून वाचलंत. सुशिक्षित आहात. वर न बघता सांगा बरं, काय नाव होतं त्यांचं?