संचालक मंडळाचं वजन

माणूस मोठा झाला की त्याचं चित्रही मोठं होतं आणि चित्र मोठं झालं की भिंतीची जबाबदारी वाढते. हे भिंतींना वेळीच कुणी समजावून सांगत नाही, म्हणून त्या ऐनवेळी दगा देतात.

सोलापुरातल्या आमच्या सहकारी चादर संस्थेने शहात्तर साली रौप्यमहोत्सवानिमित्त संचालक मंडळाचं समूहचित्र काढायचं ठरवलं. अध्यक्ष शरणप्पा अण्णांनी कापडावरच्या चित्राला पहिल्याच बैठकीत विरोध केला. "कापडाचा काय भरवसा?" ते म्हणाले. आयुष्यभर चादरी विकलेल्या माणसाचं हे मत असल्याने त्यावर चर्चा झाली नाही. चित्र लाकडी फळ्यांवर काढायचं ठरलं. अण्णांचे मेहुणे ईरप्पा यांची लाकडाची वखार होती, हा निव्वळ योगायोग. (योगायोगांच्या बाबतीत आमची संस्था पहिल्यापासून नशीबवान आहे.)

फळ्या सागवानी मागवल्या होत्या. आल्या त्या ओल्या, आणि सागवान त्यांनी लांबूनच पाहिलेलं असावं. कुणाही संचालकाचा चेहरा दुसऱ्यापेक्षा लहान नको, असा ठराव झाल्यामुळे चित्र रुंद होत गेलं. अण्णांचा चेहरा मात्र थोडा मोठा हवा, असा उपठराव झाल्यामुळे ते उंचही झालं. रंगवणारे बिरप्पा पूर्वी सिनेमाचे फलक रंगवायचे, त्यामुळे भव्यतेला ते घाबरले नाहीत.

उन्हाळा लागला, फळ्या वाळल्या आणि उपाध्यक्षांच्या नाकावरून तडा गेला. लाकडाला हलायला थोडी जागा ठेवावी लागते, असं ड्रॉइंगच्या एका मास्तरांनी सुचवलं. पण ते दिवस शिस्तीचे होते. जिथे माणसांना हलायला जागा नव्हती, तिथे लाकडाला कुठून देणार? मागून लोखंडी पट्ट्या ठोकल्या आणि चारी बाजूंनी नक्षीची जाड चौकट आवळली. उपाध्यक्ष ताबडतोब आणखी दोन ठिकाणी तडकले.

मार्केट यार्डातल्या हमालांनी चित्र सभागृहात आणलं. भिंतीतल्या खिळ्यांनी एकमताने राजीनामा दिल्याने ते ओट्यावर उभं करून भिंतीला टेकवण्यात आलं. भिंत पातळ विटांची होती. तिच्या पलीकडे संस्थेचं पाळणाघर होतं. मागांसाठी सुताच्या कांड्या भरणाऱ्या बायका आपली तान्ही पोरं तिथे ठेवून कामावर जात.

पाळणाघर सांभाळणारी नागव्वा दुसऱ्याच आठवड्यात अण्णांच्या खोलीत आली. तिची स्वतःची नातही त्याच पाळण्यांत असायची.

"अण्णा, भित फुगलीया. पोरांच्या अंगावर गिलावा पडतोय की. काशम्माच्या लेकराच्या डोळ्यात गेला आज."

अण्णांनी शांतपणे विचार केला. "झोपलेल्या पोराचे डोळे मिटलेले असतात. डोळ्यात गेला, म्हणजे पोर जागं होतं. पाळणाघर झोपण्यासाठी आहे, नागव्वा."

तरीही अण्णा दयाळू. त्यांनी पोटसमिती नेमली. समितीने भिंतीची पाहणी सभागृहाच्या बाजूने केली, कारण चित्र त्याच बाजूने दिसत होतं. पाळणाघराच्या बाजूने भिंतीला लाकडी टेकू लावावेत, अशी शिफारस झाली. टेकू ईरप्पांच्याच वखारीतून आले. त्यांनी एवढी जागा अडवली की पाळणे फुगवट्याखाली सरकवावे लागले.

नागव्वा पुन्हा आली. "टेकू वाकल्यात, अण्णा. चित्र खाली उतरवा."

"चित्रात संचालक मंडळ आहे," अण्णा म्हणाले. "ते खाली उतरवायचं तर निवडणूक घ्यावी लागते. निवडणुका सध्या पुढे ढकलल्यात."

अनावरणाच्या दिवशी पाहुण्यांना भरलेलं पाळणाघर दाखवायचं होतं. त्या सकाळी नागव्वाने एकेक पोर उचलून फाटकाजवळच्या निंबाखाली नेलं आणि बायकांना कामावरून बोलावून ज्याचं त्याला दिलं. चिटणीस धावत गेले.

"कुणाला विचारून?"

"भितीला इचारलं," नागव्वा म्हणाली. "तीच एक खरं बोलतीया हितं."

पाहुण्यांनी दोरी ओढली, पडदा सरकला. टाळ्यांच्या गजरात अण्णांनी स्वतःच्या चित्राला स्वतःच्या हाताने हार घातला. हार मोगऱ्याचा आणि चांगला जाड होता. भिंत आधी थोडी कुरकुरली, मग मागे गेली. टेकू मोडले, आणि अख्खं संचालक मंडळ पाळण्यांवर उताणं पडलं.

धूळ खाली बसल्यावर काशम्मा पोराला कडेवर घेऊन दारात आली. तिला तिचा पाळणा दिसला नाही, नुसत्या काड्या दिसल्या. ती तिथेच खाली बसली आणि मोठ्याने रडू लागली. पाहुण्यांच्या भाषणात त्यामुळे थोडा व्यत्यय आला.

चौकशी मात्र काटेकोर झाली. निष्कर्ष असा : पाळणाघर विनापरवाना रिकामं केल्याने भिंतीच्या त्या बाजूचा भार घटला आणि समतोल बिघडला. नागव्वाला कामावरून काढण्यात आलं. तिने "बरं" म्हटलं, नातीला खांद्यावर टाकलं आणि ती अक्कलकोटच्या गाडीला गेली. बायका फाटकापर्यंत पोचवायला आल्या. भोंगा झाला तशा परतल्या, कारण त्यांनाही घरं होती.

चित्र सुखरूप आहे, हे सांगायला आनंद वाटतो. त्याच जागी दगडी भिंत बांधली. वार्षिक सभेत अहवाल एकमताने मंजूर झाला. पोरं आता कुठे झोपतात, हे कुणी विचारलं नाही. पेढे लहान होते, अशी तक्रार मात्र आली.

एवढं जड चित्र कशाच्या आधारावर उभं आहे, असं परगावचे पाहुणे विचारतात. आम्ही त्यांना सभागृहातल्या खुर्च्यांकडे बोट दाखवतो. दुसऱ्या रांगेत, वाचकहो, आपणही बसलेले आहात, टाळ्या वाजवत.