नवी मांडणी, जुनी बोटं

घरात तिला सगळे शास्त्रज्ञबाई म्हणत. रविवारी तिने जाहीर केलं, "महिनाभरात माझा टायपिंगचा वेग दुप्पट, आणि मनगटाचं दुखणं कायमचं बंद!" कीबोर्डची जुनी मांडणी म्हणजे मिठाचा डबा माळ्यावर ठेवण्यासारखी, असं तिचं मत. तिने घरच्या कॉम्प्युटरवर नवी मांडणी लावली. बटणं दिसायला तीच. उमटणारं अक्षर मात्र वेगळं.

"बाबांना त्रास नको हं," वहिनी म्हणाली.

"अगं, ही फक्त माझ्या लॉगिनपुरती आहे!"

बाबा निवृत्त टायपिस्ट. नजर आधीच गेलेली, घशाच्या ऑपरेशनमध्ये आवाजही गेला. शाबूत होती ती बोटं. त्याच कॉम्प्युटरवर ते न बघता टाइप करत, वहिनी पडद्यावरचं वाचून दाखवी. घरातलं त्यांचं बोलणं एवढंच.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत वहिनीचा फोन आला. "वन्सं, लवकर या! बाबा भलतंच काहीतरी लिहितायत, एक शब्द लागत नाही!"

ती धावत घरी आली, तेव्हा दादा ऑफिस टाकून आलेला आणि शेजारच्या काकू मुसमुसत होत्या. डॉक्टरांनी बाबांच्या डोळ्यांत टॉर्च मारला. "वय आहे. मेंदूवर परिणाम असू शकतो."

"हळू बोला ना," वहिनी कुजबुजली.

"आता हळू बोलून काय!" दादाला हुंदका आवरेना. "त्यांना कुठे काय कळतंय!"

बाबांनी कीबोर्डवरची बोटं उचलली आणि मांडीवर ठेवून दिली.

मोठ्या डॉक्टरांना मेल करायला ती बाबांपुढचाच कीबोर्ड ओढून रडत रडत बसली. घाईत बोटं जुन्याच वळणाने धावली. तिने 'माझे वडील' लिहिलं, पडद्यावर नुसता अक्षरांचा चिवडा. थेट बाबांसारखा!

"दादा, माझंही डोकं गेलं!"

"तुझं रविवारीच गेलं होतं!"

रविवार! ती ताडकन उठली. मांडणी तिच्यापुरती नव्हतीच, सगळ्यांनाच लागली होती!

जुनी मांडणी परत आली. "बाबा, चूक माझी होती. तुम्ही ठणठणीत आहात. लिहा ना!"

बाबांचे हात हलेनात. शेवटी तिनेच ते उचलून कीबोर्डवर ठेवले. बऱ्याच वेळाने एक ओळ उमटली: 'खरं सांगतेस ना?'

आता रोज सकाळी ते आधी लिहितात, 'बरोबर उमटलं का?' "उमटलं, बाबा," असं कुणी म्हणेपर्यंत पुढचं बटण दाबत नाहीत.

तीही जुन्याच मांडणीवर टाइप करते. मनगट ठणकतं. पण हे ती कुणाला सांगत नाही.