तीन तासांचा झेंडा

माझी बस कधी लेट होत नाही. ही बढाई नाही, आमच्या डेपोत कुणालाही विचारा. म्हणजे आता विचारू नका, आता ते भलतंच काहीतरी सांगतील! पण दोन महिन्यांपूर्वीच्या त्या रविवारपर्यंत लोक माझी बस बघून घड्याळं लावायचे. ही गोष्ट मीच पसरवली होती हे खरं, पण खोटी नव्हती.

आणि या बसवर गेली चौदा वर्षं एकच कंडक्टर. साहेब बदलले, बसचा रंग बदलला, एकदा इंजिनसुद्धा बदललं, कंडक्टर तोच. माणूस इतका अबोल की त्याच्या तोंडून सलग दोन वाक्यं ऐकायची तर गाडीत मारामारी व्हावी लागते. मी दिवसभर बडबडतो, तो दिवसभर ऐकतो, आणि आमचं झकास जमतं.

या गड्याला नाद एकच, पळण्याचा. आमच्या शहरात दरवर्षी एकवीस किलोमीटरची शर्यत होते आणि दरवर्षी हा तिच्यात भाग घेतो. शर्यतीच्या शेपटाला एक रिकामी बस रांगत असते. जे वेळेत पोचणार नाहीत त्यांना ती उचलते आणि शेवटच्या कमानीपाशी नेऊन सोडते. आमच्या कंडक्टरला या बसने सलग तीन वर्षं उचललं. आता बघा, ज्याचा जन्म बसमध्ये गेला तो माणूस हौसेने पळायला निघतो आणि परत येतो तो बसनेच! त्याची मुलगी दरवर्षी कमानीपाशी फोटो काढायला उभी असते. तिच्याकडे बापाचे तीन फोटो आहेत आणि तिन्हींत तो बसमधून उतरतोय.

यंदा गुडघ्याने दगा दिला. डॉक्टरांनी सांगितलं, शर्यतीनंतर लगेच ऑपरेशन करून घ्या, मग हवं तितकं चाला, पण पळायचं नाव काढू नका. हे त्याने मला शेवटच्या फेरीनंतर रिकाम्या बसमध्ये सांगितलं. "म्हणजे ही शेवटची," एवढं म्हणाला आणि खिडक्या लावायला लागला.

कुणाचं वाईट वाटलं की माझं तोंड सुटतं.

"लेका, यंदा तुला मी नेतो," मी म्हटलं. "वेळेत नेतो. माझी गाडी कधी लेट झालीय का?"

दुसऱ्या दिवशी मी शर्यतीच्या ऑफिसात जाऊन पेसर झालो. पेसर म्हणजे पाठीला झेंडा बांधून पळणारा माणूस. झेंड्यावर वेळ लिहिलेली असते. त्याच्या मागोमाग पळत राहा, त्या वेळेत पोचाल, अशी हमी. मला तीन तासांचा झेंडा मिळाला, सगळ्यात शेवटचा, कारण तीन तास झाले की कमान उतरवतात. पळण्याचा काही अनुभव आहे का, असं तिथल्या बाईंनी विचारलं. मी म्हटलं, बावीस वर्षं याच रस्त्यांवर आहे. यात खोटं काय होतं? बाईंनीही जास्त खोदून विचारलं नाही, कारण या झेंड्याला दुसरं कुणी तयारच होत नव्हतं.

बायकोने आधी झेंडा बघितला, मग मला बघितलं. कोपऱ्यावरच्या दुकानात जायलासुद्धा स्कूटर काढणाऱ्या माणसामागे लोक पळणार असतील तर त्या लोकांचंच काहीतरी बिनसलंय, असं तिचं मत पडलं. मी ते मनावर घेतलं नाही. तिसरा गडी म्हणून वर्कशॉपमधल्या मिस्त्रीला ओढला. मिस्त्री आयुष्यात कशालाच हो म्हणालेला नाही. यालाही नाहीच म्हणाला आणि सरावाला सगळ्यांच्या आधी हजर राहिला. रोज सकाळी ड्यूटीआधी आम्ही तिघं पळायचो. सुरुवातीला माझी जीभ बाहेर यायची, पण वेग धरायला मी शिकलो. एकदा गिअर बसला की बसला, ना कमी ना जास्त. कंडक्टर माझ्या मागे पळायचा आणि त्याचा श्वास कधी चढायचा नाही. हा माणूस तीन वर्षं नुसता चुकीच्या वेगाने पळत होता, बाकी त्याच्यात काही खोट नव्हती. मला तर पदक त्याच्या गळ्यात दिसायलाच लागलं होतं.

आणि शर्यतीच्या सकाळी आभाळ फाटलं! पाऊस वरून पडतच नव्हता, समोरून येत होता. वाऱ्याने स्वागताचं कापड उडवून समोरच्या झाडावर नेऊन टाकलं होतं. निम्मे लोक आलेच नाहीत, आणि शहाणे ते निम्मेच, असं मिस्त्री तीनदा म्हणाला. कंडक्टरची मुलगी मात्र आली होती. छत्री उलटी झालेली, फोन प्लास्टिकच्या पिशवीत.

"काका, यंदा बाबांना पळत आणा हं," ती म्हणाली.

"तू फक्त फोटो काढायला तयार राहा," मी म्हटलं. काय माझा रुबाब!

सुरुवात अशी झाली की मला स्वतःचाच अभिमान वाटावा. त्या पावसात कुणाला काही दिसत नव्हतं, दिसत होता तो माझा झेंडा. हळूहळू जे जे मागे पडत होते ते सगळे माझ्या मागे जमा झाले. चाळीसेक माणसं तरी असतील. भरलेली गाडी ओढताना जसं वाटतं तसं मला वाटत होतं. वारा मी छातीवर घेत होतो आणि माझ्या आडोशाला कंडक्टर. शर्यतीचा बराचसा रस्ता आमच्या बसच्या मार्गावरूनच जातो, त्यामुळे खड्डान् खड्डा मला पाठ. फक्त एक व्हायचं, बसस्टॉप आला की माझे पाय आपोआप ढिले पडायचे. मग मागून मिस्त्री विचारायचा, कुणी चढलं का, निघायचं का आता?

पंधरा किलोमीटर झाले तेव्हा आम्ही वेळेच्या थोडे पुढेच होतो. कंडक्टर माझ्या बरोबरीला आला. चेहऱ्यावरून पाणी निथळत होतं आणि तो चक्क हसत होता.

"होईल बहुतेक," तो म्हणाला.

त्याच्या हिशेबाने हे भाषण झालं. मला इतका आनंद झाला की मी मान खाली घातली, दात आवळले आणि ठरवलं की आता कमान येईपर्यंत डोकं चालवायचं नाही, नुसते पाय चालवायचे.

तिथेच घात झाला. डोकं बंद केल्यावर पाय कुणाचं ऐकणार? पाय बावीस वर्षांच्या सवयीचं ऐकतात.

पुढे मोठा सिग्नल येतो. शर्यत तिथून सरळ नदीकडे जाते आणि माझी बस तिथून डावीकडे डेपोकडे जाते. सिग्नलला एक स्वयंसेवक बाण असलेली पाटी धरून उभा राहणार होता. तो वाऱ्याला कंटाळून समोरच्या बँकेच्या पायरीवर जाऊन उभा राहिला होता आणि पाटी आडवी पडली होती. हे मला नंतर कळलं. त्या वेळी मी फक्त वळलो. नुसता वळलो नाही, वळण्याआधी हात काढून व्यवस्थित इशारासुद्धा दिला! ज्या कुणाला शंका आली असती त्याची शंका त्या इशाऱ्याने फिटली. चाळीसच्या चाळीस माणसं माझ्या मागे डावीकडे वळली.

पुढचा रस्ता मला फारच सोपा गेला. उतार होता, वारा पाठीवर होता, समोर दुसरे पळणारे दिसत नव्हते. मला वाटलं, आपण सगळ्यांना मागे टाकलं! फाटक आलं. वॉचमनने मला बघितलं, रोजच्यासारखा सलाम ठोकला आणि फाटक सताड उघडलं. आम्ही सगळे आत शिरलो.

आत बस धुवायची कमान आहे. मोठी, लोखंडी, दोन्ही बाजूंना फिरणारे ब्रश. पावसात ती कमान बघितल्यावर माझ्या मागच्या लोकांनी जो जल्लोष केला तो मी जन्मात विसरणार नाही. काहींनी हात उंचावले. एक जाडसर गृहस्थ तर रडतच कमानीखालून गेले आणि पलीकडे उभ्या असलेल्या पंक्चर गाडीला त्यांनी मिठी मारली. एका बाईंनी वॉचमनला पदकं कुठे मिळतील म्हणून विचारलं.

वॉचमनने मला वेगळंच विचारलं. "गाडी कुठे ठेवलीत?"

"मागून येतेय," मी सवयीने म्हणालो, आणि मग मला जाग आली.

मिस्त्री वर्कशॉपच्या दारात उभा राहून आत बघत होता. सुट्टीच्या दिवशीसुद्धा मला इथेच आणलंस, असं तो अगदी शांतपणे म्हणाला. त्यानंतर लोकांना कळत गेलं, पाणी उकळायला लागतं तसं हळूहळू, आणि मग एकदम सगळीकडून. मला ज्या शिव्या बसल्या त्यांतल्या काही मी बावीस वर्षांच्या ड्रायव्हरकीत ऐकल्या नव्हत्या. कुणीतरी झेंडा ओढला, त्याची काठी मोडली. रडणारे गृहस्थ आता वेगळ्या कारणाने रडत होते.

मी कंडक्टरला शोधलं. तो शिव्या देणाऱ्यांत नव्हता. तो फाटकाकडे निघाला होता.

मी धावत गाठला. वर्कशॉपमध्ये गाडी उभी आहे, मिस्त्री चावी देईल, सिग्नलपर्यंत सोडतो, गेलेला वेळ भरून निघेल, मी बोलतच सुटलो. कुणाला कळणार आहे? इतक्या पावसात कोण बघतंय?

"बसने तीनदा गेलोय," तो म्हणाला.

मग आम्ही तिघंच पळालो, बाकीच्यांनी नाद सोडला होता. जाताना जो उतार होता तो येताना चढ झाला आणि पाठीवरचा वारा तोंडावर आला. सिग्नलपर्यंत पोचलो तेव्हा तो लंगडायला लागला होता. मी म्हटलं थांब, त्याने ऐकलं नाही. मी म्हटलं माझ्या आडोशाला ये, तो आला नाही. पहिल्यांदाच तो पुढे आणि मी मागे असं चाललं होतं. शेपटाची बस केव्हाच पुढे निघून गेली होती, म्हणजे उचलायलासुद्धा कुणी उरलं नव्हतं. मिस्त्री काही बोलत नव्हता, आणि मिस्त्री गप्प बसतो तेव्हा परिस्थिती खरोखरच वाईट असते. मला एवढंच वाटत होतं की काहीतरी व्हावं. घड्याळं बंद पडावीत, वाऱ्यामुळे शर्यतीची वेळ वाढवलेली असावी, काहीही.

काहीही झालं नव्हतं. आम्ही पोचलो तेव्हा कमानीचा एक खांब आडवा पडलेला होता आणि दुसरा दोन माणसं खाली घेत होती. वेळ मोजायची पट्टी गुंडाळून टेंपोत गेली होती. मुलगी मात्र तिथेच उभी होती. तिने बापाला लंगडत पळत येताना बघितलं आणि पिशवीतून फोन काढला, आणि मग कुठे धरावा हे तिला कळेना, कारण मागे कमानच नव्हती. तरी तिने फोटो काढला. बापाने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि कमानीवरून उतरवून घडी केलेल्या ओल्या कापडावर जाऊन बसला.

त्याहून वाईट पुढे आहे. ऑफिसातल्या बाई छत्री सांभाळत आल्या. उशिरा आलेल्यांना पदक नाही, नियम म्हणजे नियम, असं त्यांनी सांगितलं. पण पेसर लोकांची पदकं आधीच वेगळी काढलेली असतात. त्यांनी माझ्या पाठीवरची मोडकी काठी बघितली आणि मी नको नको म्हणत असताना पदक माझ्या गळ्यात घातलं!

मी ते उतरवून कंडक्टरच्या गळ्यात घातलं. त्याने काढलं, फितीची नीट घडी केली आणि माझ्या हातात परत दिलं.

"वळण मला दिसलं होतं," तो म्हणाला.

"कुठलं वळण?" मी विचारलं.

"पाटी पडली होती. बाण सरळ होता. मी बघितला."

"अरे, मग हाक का नाही मारलीस?"

तो थोडा वेळ बुटाची ओली नाडी सोडवत राहिला.

"तू हात दाखवलास ना," तो म्हणाला. "म्हटलं, तुला माहीत असेल."

तो रागावला असता तर मी चार शब्द बोललो असतो, माफी मागितली असती, पाय धरले असते. पण तो रागाने बोललाच नव्हता. त्या चाळीस जणांच्या शिव्या मी पचवल्या, हे एक वाक्य मात्र अजून घशात आहे.

आता ऑपरेशन झालंय. पाय उशीवर ठेवून तो घरी बसलेला असतो. मी रोज ड्यूटीनंतर जातो. तो पूर्वीइतकंच बोलतो, म्हणजे बोलत नाही, आणि मी काय बोलायचं ते मला सुचत नाही, म्हणून दोघंही खिडकीबाहेर बघत बसतो. त्याची मुलगी येऊन विचारते, काका, तुम्हाला बरं नाही का?

माझ्या बसवर सध्या बदली कंडक्टर आहेत, एक कडक बाई. तो सिग्नल आला की मी गाडी थांबवतो आणि त्यांना विचारतो, डावीकडेच ना? पहिले दोन दिवस त्यांना वाटलं मी थट्टा करतोय. मग त्यांनी सरळ साहेबांकडे तक्रार केली की या ड्रायव्हरला स्वतःचा रस्ता माहीत नाही. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून विचारलं, खरं आहे का हे?

मी म्हटलं, खरं आहे, साहेब. बाईंच्या दोन दिवसांत लक्षात आलं. माझ्याबरोबर चौदा वर्षं काढलेल्या माणसाला तेवढा संशय आला नाही.