सासूच्या चवीची साके

माणूस पितो, याबद्दल सुसंस्कृत समाजाची फारशी तक्रार नसते. तो गप्प बसून पितो, हे मात्र समाजाला फार काळ बघवत नाही. युकिनोसावा गावात हा अनाचार पिढ्यान्‌पिढ्या बिनबोभाट चालू होता. अर्धं वर्ष बर्फाखाली असलेल्या या गावात साके, म्हणजे तांदळाची जपानी दारू, बनवणारी अनेक घराणी होती, आणि त्या सगळ्यांच्या साकेबद्दल बोलायला अख्ख्या गावाकडे मिळून तीन शब्द होते : गोड, कडक आणि ‘आणखी’. (तिसऱ्याचा वापर सर्वाधिक.)

ही शोचनीय परिस्थिती नागुमो साहेबांनी संपवली. तोक्योच्या एका विमा कंपनीतून निवृत्त होऊन, साके चाखून तिचं वर्णन करण्याचा रीतसर अभ्यासक्रम पुरा करून, छातीला बिल्ला लावून ते बायकोच्या माहेरी राहायला आले होते. आल्या आठवड्यात त्यांनी गावच्या साकेत नासपती शोधून काढली. मग केळं, मग ओलं देवदार, मग शाळा सुटल्यानंतरचा रिकामा वर्ग. गाव थक्क झालं. आपण इतकी वर्षं शाळा पीत होतो, याची कोणाला कल्पनाच नव्हती.

सुधारणा टिकायची तर तिला नियमाचा आधार लागतो. गावात पिण्याची एकच बरी जागा होती, सुमिएताईंची खानावळ. तिथे साहेबांच्या सल्ल्याने पाटी लागली : ‘पहिल्या पेल्याचं वर्णन केल्याखेरीज दुसरा पेला मिळणार नाही.’ परिणाम विलक्षण झाला. एका हिवाळ्यात गावच्या साकेतलं नासपतीचं प्रमाण दुप्पट झालं, टरबूज तिपटीने वाढलं, आणि ‘दूरच्या घंटेचा ओलावा’, जो पूर्वी अजिबात नव्हता, तो दर तिसऱ्या पेल्यात आढळू लागला. पोस्टमनला तर एका बैठकीत इतकी फुलं सापडली की त्याला उचलून घरी न्यावं लागलं. (टपाल दुसऱ्या दिवशी वाटण्यात आलं.)

या प्रगतीत एकटा तोराझो मागे राहिला. तो तातामीच्या चटया शिवायचा. दिवसभर गवतात सुई घालायची आणि संध्याकाळी सुमिएताईंकडे दोन पेले घ्यायचे, एवढीच त्याची चैन. तोराझो घरजावई होता. घर सासूचं, धंदा सासऱ्याचा, आडनावसुद्धा त्यांचंच. लग्नात त्याने स्वतःची अशी एकच वस्तू आणली, ती म्हणजे तहान, असं सासूबाई सांगत.

नियम लागला त्या संध्याकाळी नागुमो साहेबांनी त्याला विचारलं, साके कशी लागते. तोराझोने बराच विचार केला आणि म्हणाला, "साकेसारखी."

साहेबांनी त्याला प्रेमाने समजावलं की हे उत्तर नव्हे, हा प्रश्नच उलटा धरलेला आहे. तोराझो एका पेल्यावर घरी गेला. पुढच्या खेपेला त्याने शेजाऱ्याचं ऐकून नासपती सांगितली. पण त्या दिवशीची साके फुलांच्या गटातली निघाली. त्याच्या पुढच्या खेपेला तो घाबरून "ओली लागते" म्हणाला. हे वर्णन निर्विवाद खरं असल्यामुळे नामंजूर झालं.

एका पेल्यावर थांबवलेला माणूस ना धड जागा असतो, ना त्याला झोप येते. तोराझोचे टाके वाकडे पडू लागले. शेवटी त्याची बायको किनुए हिने त्याचा अभ्यास घ्यायचं ठरवलं. त्याच्या डोळ्यांवर फडकं बांधून तिने नाकाखाली देवदाराची फळी धरली, वाळवलेली अळंबी धरली, संत्र्याची साल धरली आणि शेवटी मांजर धरलं. त्याने मांजर ओळखलं.

"नाकात काही खोट नाही हो तुमच्या," किनुए म्हणाली, "शब्दांचीच टंचाई आहे."

सासूबाई, म्हणजे उमेनोबाई, खाली शेगडी ठेवलेल्या चौरंगावर पांघरलेल्या रजईत पाय घालून हे सगळं बघत होत्या. लग्नाच्या बोलणीत ही बाब आपल्यापासून लपवण्यात आली होती, एवढंच त्या म्हणाल्या.

मग एका संध्याकाळी खानावळ गच्च भरलेली असताना तोराझो आपला रिकामा पेला समोर ठेवून बसला होता. सुमिएताईंना राहवलं नाही. "तोराझोकाका, काहीही बोला, पण बोला. तुमचा चेहरा बघून माझे मासे करपतात."

तोराझोने डोळे मिटले. घशात उरलेल्या चवीचा माग काढत तो हळूहळू बोलू लागला. "आधी थंड लागते. मग घशात जरा अडकते, आपलंच काहीतरी चुकलंय असं वाटतं. आता काही खरं नाही म्हणून आपण उठायला लागतो, तर पोटात ऊब येते." तो थांबला. "आमच्या सासूबाईंसारखी आहे."

नागुमो साहेबांनी चष्मा काढून पुसला. अभ्यासक्रमाच्या पुस्तकात फळं होती, फुलं होती, खनिजंसुद्धा होती, नातेवाईक नव्हते. तोराझोला दुसरा पेला मंजूर झाला, आणि तिसरा विनाअट.

ती साके बनवणाऱ्या मालकाने आठवड्याच्या आत बाटल्यांवर ‘सासू’ असं छापून घेतलं. तोक्योहून माणसं येऊ लागली. एक घोट घ्यायची, डोळे मिटायची आणि कापऱ्या आवाजात म्हणायची, "हो, आल्या." ज्यांना सासू नव्हती त्यांनाही त्या आल्या. एका घटस्फोटित गृहस्थाने बाटली संपवून थेट जुन्या सासरी फोन लावल्याचं कळतं. (सासरची बाजू समजू शकली नाही.)

घरी मात्र यातलं कोणी काही बोललं नव्हतं, आणि तोराझो चोरपावलांनी वावरत होता. पण एक दिवस एक पाहुणा पत्ता शोधत दारात आला, उमेनोबाईंना कमरेत वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "आपली चव फार वेळ टिकते."

उमेनोबाईंनी त्याच्याकडून सगळा प्रकार काढून घेतला. मग ठेवणीतला किमोनो नेसल्या आणि बर्फ तुडवत खानावळीत गेल्या. यापुढे दुकानातल्या गवतावर झोपायचं, अशी मनाची तयारी करून तोराझो मागोमाग गेला. किनुए त्याच्या मागे.

बाईंनी ‘सासू’ मागवली. घोट घेतला.

"ही मी नाही," त्या म्हणाल्या. "ही माझी धाकटी बहीण. मी एवढी गोड कधीच नव्हते."

नागुमो साहेबांसारख्या अभ्यासकाला अशी त्रुटी मान्य करावीच लागते. त्यांच्या सूचनेवरून गावातली एकेक साके बाईंपुढे ठेवण्यात आली. एकीत त्यांना आपला दीर सापडला, एकीत लग्न जमवणारी बाई ("खोटारडी आहे, काढा"), आणि एका फार महागड्या साकेत कोणीच नाही. बाईंचे गाल लाल झाले. त्या पोस्टमनशी टाळ्या देत हसू लागल्या. किनुएने आईला असं हसताना बघितलंच नव्हतं. तिने हळूच सुमिएताईंना विचारलं की आणखी काही उरलंय का.

उरली होती ती फक्त मासे शिजवायची, कागदी खोक्यातली. बाईंनी तिचा घोट घेतला. डोळे बारीक केले.

"ही," त्या म्हणाल्या. "ही मी."

पेला त्यांनी तोराझोपुढे सरकवला. त्याने घोट घेतला, खोकला, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मग त्याने मान डोलावली.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, आणि असं त्या इतक्या वर्षांत एकदाही म्हणाल्या नव्हत्या, "वर्णन तुमचं बरोबर होतं. बाटली चुकली."

परतताना तोराझोने त्यांना पाठीवर घेतलं. वाटभर त्या त्याला वळणं सांगत होत्या. सगळी वळणं त्याला पाठ होती, तरी तो प्रत्येक वेळी "हो, आई" म्हणत होता.

स्वयंपाकाच्या साकेला आता काचेची बाटली आणि रेशमी दोरी मिळाली आहे. जाणकारांना तीत कठोर माया आढळते. सुमिएताईंचे मासे नाइलाजाने नासपतीच्या साकेत शिजतात.

असल्या भाबडेपणाला वाचकाने खुशाल हसावं. हसून झालं की आपल्या कपाटातलं ते पुस्तक काढावं, जे मागच्या बाजूला ‘अंतर्मुख करणारं’ असं छापलंय म्हणून त्याने घेतलं होतं, विसाव्या पानावर मिटलं होतं, आणि पुढे चारचौघांत कोणी विचारलं तेव्हा क्षणभर डोळे मिटून सांगितलं होतं की, अंतर्मुख करतं हो.