पारधे बिशपांची धास्ती

आमचे पारधे बिशप पायी चालतानाही हेल्मेट घालतात. स्कूटर त्यांच्याकडे नाही, कधी नव्हती. झाशीच्या सीपरी बाजारात भाजी आणायला निघाले की अंगात जांभळा झगा, गळ्यात क्रूस, हातात पिशवी आणि डोक्यावर काळं हेल्मेट, काच खाली केलेली. भाजीवाला ओरडतो, "बिशपजी, का चाने?" मग काच वर होते, आतून "पालक" एवढा एकच शब्द येतो आणि काच पुन्हा खाली.

मी एकदा विचारलंच, "चालताना कशाला हो हे?"

"वहिनी, देव दयाळू आहे. टेम्पोवाला नाही."

ते आमच्या शेजारी राहतात. वडील नगरकडून रेल्वेत नोकरीला आले आणि इथेच राहिले. घरात आधी आईशी मराठी, मग बायकोशी. दोघीही गेल्या. आमचं घराणं झाशीत कित्येक पिढ्यांचं, पण आमच्याकडेही मराठी आता माजघरापुरतीच उरली आहे. मुलीला मी मराठीत हाक मारते, ती "आई, आ रही हूँ" म्हणते. त्यामुळे पारधे रोज चहाला येतात. "मराठी गंजू नये म्हणून," असं सांगतात आणि पंख्याखालची खुर्ची सोडून दाराजवळच्या स्टुलावर बसतात. झाशीच्या मे महिन्यातसुद्धा. पंखा पडला तर, ही भीती.

त्यांना कशाकशाची भीती, ते मोजायला बसू नये. बोरं खात नाहीत, बी घशात अडकेल. मासा खात नाहीत, काटा अडकेल. इलाइट चौराहा ओलांडायचा तर एखादी गाय निघेपर्यंत कडेला उभे राहतात आणि तिच्या आडोशाने पलीकडे जातात. "मला उडवतील. तिला नाही उडवणार," हा त्यांचा हिशेब. गाय मध्येच बसली की बिशपही मध्येच उभे. असे एकदा आमच्या ह्यांना सापडले होते. ह्यांनी हात धरून आणलं.

पण हे सगळं नुसतं भित्रेपण नव्हतं, त्याला कारण होतं. पारधे मोठ्या चर्चचे बिशप नव्हेत. काही वर्षांपूर्वी जुनं प्रार्थनापुस्तक ठेवायचं की सोडायचं यावरून तिथे भांडण झालं आणि थोडी मंडळी बाहेर पडली. परदेशातून कुणी म्हातारे बिशप आले, त्यांनी पारधेंना आणि ग्वाल्हेरच्या एका पाद्रींना बिशप केलं. मग या दोघांनी मिळून सागरच्या थॉमसना केलं. पुढे ग्वाल्हेरचे कंटाळून मोठ्या चर्चमध्ये परत गेले. थॉमस वारले. उरले एकटे पारधे.

त्यांच्यात नियम असा, की कुणाला बिशप करायचं तर ते बिशपच करू शकतो. डोक्यावर हात ठेवून, ठरलेली प्रार्थना म्हणून, शक्यतो तिघांनी मिळून. येशूच्या पहिल्या शिष्यांपासून एकाच्या हाताखालून दुसरा अशी साखळी आलेली. पारधेंना काही झालं तर नवा बिशप करायला कुणी राहणार नाही.

"साखळी तुटेल हो, वहिनी," बशीत चहा ओतताना ते म्हणायचे. फुंकर मारून मारून तो गार करायचे. जीभ भाजू नये म्हणून.

आम्ही हसायचो. मग हसणं हळूहळू बंद झालं.

आधी फोन येऊ लागले. पारधेंनी उचलला की पलीकडे कुणी बोलायचं नाही, फक्त श्वास ऐकू यायचा. एकदा माझ्यासमोरच आला. त्यांनी रिसीव्हर माझ्या कानाला लावला. मी "कौन साहब?" विचारलं आणि पलीकडून कुणीतरी अगदी शांतपणे म्हणालं, "बुड्ढे से कहना, चाबी दे दे."

चावी म्हणजे टहरौली गावातल्या चर्चची. ते छोटंसं चर्च कुणाचं, यावर मोठ्या चर्चशी कोर्टात दावा चालू होता. फोन करणारा मोठ्या चर्चचाच होता की जमिनीवर डोळा असलेला आणखी कुणी, कोण जाणे. मग गल्लीच्या तोंडाशी एक मोटारसायकल उभी राहायला लागली. त्यावरचा माणूस काही करायचा नाही, नुसता पारधेंच्या फाटकाकडे बघत बसायचा. मी भरदुपारी कडी लावायला लागले. मुलीला शाळेतून यायला उशीर झाला की फाटकात जाऊन उभी राहायचे. बिशपांची धास्ती भिंत ओलांडून आमच्या घरात आली होती.

टहरौलीचे पाद्री होते सुखलाल. चाळिशीचा गडी, थोडी शेती, बायको, दोन लहान मुली. फटफटीवर यायचे, डोकं उघडं. सगळ्या मंडळींचं म्हणणं, आता यांनाच बिशप करा. सुखलालही तयार. आमच्याच ओसरीवर ते दोघं वाद घालायचे. आपण कुणाला भीत नाही, हे सुखलाल त्यांच्या बुंदेलीत ऐकवायचे.

"धर दो हाथ, साब. हम काऊ सें नईं डरात."

"तीन बिशप चाहिए, सुखलाल. नियम है."

"आपई ने तो कई ती, मजबूरी में एक सें भी चलत."

"देखेंगे. अभी उपवासकाळ है."

उपवासकाळ संपला, ईस्टर झाला, पावसाळा गेला, पारधेंचं "देखेंगे" काही संपेना. मंडळी कुजबुजायला लागली, की म्हाताऱ्याला गादी सोडवत नाही. खरं सांगायचं तर मलाही तेच वाटलं. साखळी तुटेल म्हणून जो माणूस बोर खात नाही, तो साखळी पुढे का देत नाही?

एका रविवारी त्यांना टहरौलीला उपासनेला जायचं होतं. "बसमध्ये नको वाटतं," असं म्हणाले आणि आमच्याकडे बघत राहिले. आम्ही दोघं त्यांना आमच्या गाडीतून घेऊन निघालो. वाटेत ते मागच्या काचेतून सारखे वळून बघत होते. मोटारसायकल दिसली नाही. तरी ह्यांनी गाडी नेहमीपेक्षा जोरात हाणली.

उपासना निम्मी झाली असेल. बाहेर जीप थांबल्याचा आवाज आला, मग माणसांचा. कुणीतरी दारावर लाथ मारली. "बाहर निकलो, ताला लगेगा!"

चर्चमध्ये बायकाच जास्त होत्या. कुणी रडली नाही, ओरडली नाही. सगळ्यांनी लेकरं जवळ ओढली, एवढंच. मी ह्यांचा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. आणि पारधे बिशप वेदीमागे खाली बसले. अक्षरशः लपले. जांभळ्या झग्याचं टोक तेवढं बाहेर दिसत होतं.

सुखलाल दार उघडून बाहेर गेले. "भैया, पूजा हो रई, तनक ठैर जाओ," असं म्हणत असल्याचं आम्हाला ऐकू आलं. मग एक धप्प आवाज. सुखलाल उलट पावली आत आले, कपाळावरून रक्ताची धार, आणि पहिल्या बाकापाशी गुडघ्यांवर कोसळले.

वेदीमागून पारधे कसे आले ते मला कळलंही नाही. आले ते पळतच. झगा पायात अडकला, धडपडले, उठले आणि दोन्ही हातांनी सुखलालचं डोकं गच्च दाबून धरलं. रक्त थांबवायला.

मग मागच्या बाकावरचा एक म्हातारा गुडघ्यावर बसला. "धर दओ हाथ! बन गए बिशप!" त्याचं बघून सगळं चर्च गुडघ्यावर आलं. कुणीतरी भजनच सुरू केलं.

"नाही! नहीं!" पारधे किंचाळले. "अरे, ये वो नहीं है! मी काहीच म्हटलेलं नाही! उठो, पट्टी लाओ, पट्टी!"

हात मात्र काढता येईनात, काढले की रक्त यायचं. भजन चालू, बिशप "बंद करो, बंद करो" ओरडतायत, आणि त्यांच्या हाताखाली सुखलाल तशाही अवस्थेत हसतायत. रक्त बघून म्हणा किंवा ते भजन ऐकून म्हणा, बाहेरची माणसं बिचकली. जीप निघून गेल्याचा आवाज आला.

सुखलालना दवाखान्यात टाके घातले, घरी पोहोचवलं. त्यांच्या धाकट्या मुलीने बापाच्या कपाळावरची पट्टी बघितली आणि काही न बोलता पारधेंच्या झग्यामागे जाऊन उभी राहिली.

परतताना अर्ध्या वाटेत पारधे आपणहून बोलले.

"वहिनी, थॉमसला मीच गळ घातली होती. तो नको म्हणत होता. मी म्हटलं, हो रे बिशप, मला कुणीतरी हवंय. ग्वाल्हेरवाले तेव्हाच कंटाळलेले, बायको गेलेली, रात्र जायची नाही. सोबत हवी म्हणून मी त्याला बिशप केलं. चर्चसाठी नाही." ते हातांकडे बघत होते, नखांत रक्त वाळलं होतं. "मग त्यालाही फोन यायला लागले. मोठ्या चर्चमध्ये राहिलेला सख्खा भाऊ त्याच्या मुलीच्या लग्नाला आला नाही. कोर्टाच्या पायऱ्या चढता चढता गेला तो."

ह्यांनी गाडी हळू केली.

"मी मेलो की सुखलालवर येणार हे सगळं. मी आहे तोवर फोन मला येतील. म्हणून जपतो स्वतःला. अजून थोडी वर्षं. मुली मोठ्या होईपर्यंत."

"आणि साखळी?" मी विचारलं.

"तिचं देव बघेल," ते म्हणाले. "मुलींचं मलाच बघायला हवं."

हे आम्ही कुणाला सांगणार नव्हतो. पण ह्यांच्या पोटात काही राहत नाही. टाके काढायला सुखलाल झाशीला आले, तेव्हा ह्यांनी सगळं सांगून टाकलं. सुखलाल तडक शेजारी गेले. मी मागोमाग.

"साब," ते दारातूनच म्हणाले, "अकेले कब लौं डरहौ?"

पारधेंनी माझ्याकडे बघितलं, मग तोंड फिरवलं.

"हमें भी डर लगत. झूठ बोलत ते हम. अब आधो-आधो डर लैहैं."

टहरौलीत ती दीक्षा झाली तेव्हा आम्ही होतो. बाहेर पुन्हा एक मोटारसायकल उभी होती. कुणाची ते कुणी विचारायला गेलं नाही, दाराला आतून अडणा लावला होता. सुखलाल वेदीसमोर गुडघ्यावर बसले. त्यांच्या मुली माझ्या दोन्ही बाजूंना. पारधेंनी हात पुढे केले आणि ते इतके थरथरायला लागले की डोक्यावर टेकेनात. प्रार्थनेचा पहिला शब्दही निघेना.

तेव्हा सुखलालनी खाली मान घालूनच आपले हात वर नेले, म्हाताऱ्याची मनगटं धरली आणि ते दोन्ही हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून घट्ट दाबून धरले.

"हम इतै हैं, साब," ते हळूच म्हणाले. "बोलो."

मग पारधे बोलायला लागले.