नकाशावरची कानबाई

“सर, तुमच्या एवढ्या महागड्या नकाशात आमची गल्ली कुठाय?”

वर्गातल्या नूतन आणि योगिताने पैज लावली होती, म्हणून मृणालने कॉम्प्युटर क्लासला आलेल्या, नकाशे विकणाऱ्या कंपनीच्या भूपेंद्रभाईंना हे भर वर्गात विचारलं. त्यांनी माऊस फिरवून शहरातलं कतारगाम मोठं केलं, आणखी मोठं केलं. गल्लीच्या जागी कोरी पिवळी पट्टी.

“पुढच्या आवृत्तीत आवशे, बेन.”

“तोवर आम्ही राहायचं कुठे?”

वर्ग खिदळला. क्लास चालवणारे योगेंद्रसर क्लासच्या वेबसाइटसाठी हाच नकाशा विकत घेणार होते. मृणाल त्यांच्याकडे वळली.

“सर, इंटरनेटवर फुकटचा प्रोग्राम आहे. कोडसुद्धा उघडा, कुणालाही बदलता येतो. आपली गल्ली आपणच काढू!”

“आणि बिघडला तर फोन कुणाला करायचा?”

“मला!”

सरांनी पंधरा दिवस दिले. जमलं तर मृणालचा नकाशा, नाही तर कंपनीचा.

ती वही घेऊन गल्लीभर हिंडली. कुणी पिठाची गिरणी सांगितली, कुणी हापसा. आई म्हणाली, “आपलं घरही टाक गं. कानबाईच्या रोटाला कडोदऱ्याचे भाऊबंद दर श्रावणात चुकतात.” मृणालने घर टाकलं आणि उत्साहाच्या भरात खाली लिहिलं, ‘रविवारी कानबाईचा रोट. सर्वांनी यावे.’ नकाशाचा छापलेला कागद शाळेच्या फलकावरही लावला.

रविवारी भाऊबंद बरोबर दारात आले. त्यांच्यामागून गणिताच्या बाई, पलीकडच्या गल्लीतले हिऱ्यांचे कारागीर, आणि हातात कागद घेऊन खुद्द भूपेंद्रभाई!

भाऊबंदांतल्या सुभद्राकाकूंनी कपाळावर हात मारला. “आते काय करानं व माय? रोट बाहेरना लोकेसले चालत नही!”

रोट म्हणजे घरातल्या माणसांमागे मुठी मोजून दळलेल्या गव्हाचा, कानबाई देवीचा प्रसाद. भाऊबंदांपलीकडे त्याचा घासही जात नाही, हे मृणालला कळायला लागल्यापासून ठाऊक होतं. लिहिताना तेवढं आठवलं नव्हतं. आईने तिच्याकडे एकदाच पाहिलं आणि शिऱ्याला रवा भाजायला घेतला. ताटल्या चार घरांतून आल्या.

ओट्यावर शिरा खाता खाता भूपेंद्रभाई बाबांना म्हणाले, “सुधाकरभाई, छोकरीनो नकशो एकदम बराबर! कंपनीला द्या. तिचं नाव छापू. पण मग तो आमचाच, क्लासच्या वेबसाइटवर नाही.”

बाबा हरखले. “मृणाल, कंपनीत नाव! हो म्हण.”

मृणालने आत पाहिलं. आत भाऊबंद रोट खात होते, बाहेर पाहुणे शिरा. रागावलेलं कुणीच नव्हतं. घर आपलं होतं. गल्ली मात्र कुणा एकट्याची नव्हती.

“आई, बाबा, माझं ठरलंय. नकाशा एकट्या कंपनीला द्यायचा नाही. तो उघडाच राहील, भूपेंद्रभाईंनीही खुशाल फुकट न्यावा. पण कुणाच्या घराबद्दल लिहायचं, तर आधी त्या घराला विचारायचं. म्हणून विचारते, आई, उद्याच्या कानबाईच्या विसर्जनाची वाट नकाशावर टाकू का?”