फादर लिबोरिओंचा हिरवा क्रूस

घंटाघरावरचा लोखंडी क्रूस गंजून कोसळला, तेव्हा फादर लिबोरिओंनी पालेर्मोच्या भाच्याला फोन केला. भाच्याचा दुकानांच्या पाट्यांचा धंदा होता. त्याने दिव्यांचा एक क्रूस स्वस्तात पाठवून दिला.

क्रूस हिरवा होता. संध्याकाळी बटण दाबल्यावर तो आधी कडेने पेटला, मग मधून, मग गरगर फिरला आणि शेवटी त्यावर हवेच्या तापमानाचे आकडे उमटले : एकोणतीस अंश.

"हा औषधाच्या दुकानाचा आहे," फादरांचं घर सांभाळणारी आस्सुन्ता म्हणाली.

"हिरवा हा आशेचा रंग. वर्षातले निम्म्याहून जास्त रविवार माझा झगा कुठल्या रंगाचा असतो?"

"तुमचा झगा लुकलुकत नाही."

तासाभरात खालच्या हमरस्त्यावरून एक ट्रकवाला एकशेबारा पायऱ्या चढून आला. छातीत जळजळत होतं, गोळी हवी होती.

"हे चर्च आहे, बाबा," फादर म्हणाले.

"मग वर क्रूस कशाला लावलाय?"

फादरांनी त्याला बाकावर बसवलं. आस्सुन्ताने लिंबाची साल आणि तमालपत्र उकळून त्याला पाजलं. त्याने ढेकर दिली, आणि बायको महिन्यापासून माहेरी गेल्याचं सांगितलं. फादर ऐकत राहिले. जाताना त्याने दोघांचे इतक्यांदा आभार मानले की आस्सुन्ता लाजली.

दुसऱ्या दिवशी चौघं आले. आठवड्याभरात गावातली माणसंही रांगेत दिसू लागली. हे चर्च आहे हे त्यांना चांगलं ठाऊक होतं, पण वरचा काढा लागू पडतो अशी बातमी पसरली होती. जिथे रविवारी जेमतेम अकरा डोकी जमायची, तिथे मंगळवारी बाकं भरली.

बुधवारी औषधवाली रोझाल्बा धापा टाकत वर आली.

"एकतीस वर्षं या गावात हिरवा क्रूस म्हणजे मी," ती म्हणाली. "तो उतरवा, नाहीतर मी तक्रार करते. काल दिवसभरात माझ्याकडे एकच माणूस आला, तोही पत्ता विचारायला."

"कोणाचा पत्ता?"

"तुमचा."

फादरांचा चेहरा पडला. आस्सुन्ताने खुर्ची पुढे सरकवून हातात काढा दिला.

"चुकलंच माझं," फादर म्हणाले. "उद्याच उतरवतो. पण तुम्ही बऱ्या आहात ना?"

रोझाल्बाने काढ्याचा एक घोट घेतला. "नवरा गेल्यापासून झोप नाही, फादर."

"गोळी घेतली का?"

"अख्खा खण भरलाय. लोकांना देते." तिने पेला खाली ठेवला. "इतक्या वर्षांत दुकानात मला हे कोणी विचारलं नव्हतं."

मग ती तासभर बोलली. उठताना म्हणाली, "राहू दे क्रूस. फक्त ते गरगर फिरणं आणि आकडे बंद करा. माझासुद्धा इतका फिरत नाही."

त्या दिवसापासून वाटणी ठरली. ताप, खोकला, गुडघे फादर खाली पाठवू लागले. जे दुखणं आपल्या खणात मावत नाही, ते रोझाल्बा चिठ्ठी देऊन वर पाठवू लागली : 'सून बोलत नाही. अर्धा तास ऐकावं.' 'मुलगा जर्मनीत. जेवणानंतर, रोज.' दोघांकडेही गर्दी वाढली.

शनिवारी दुपारी ती दुकान बंद करून वर आली आणि रांगेच्या टोकाला बसली.

"चिठ्ठी?" आस्सुन्ताने सवयीने विचारलं, आणि जीभ चावली.

रोझाल्बाने पर्समधून घडी काढून दिली. तिच्याच अक्षरात लिहिलं होतं : 'रोझाल्बा. झोप येत नाही. एक खुर्ची, दर शनिवारी.'

"तुम्हाला कशाला हवी चिठ्ठी, बाई?"

"नियम सगळ्यांना सारखा."

रांगेच्या सुरुवातीला बसलेला म्हातारा मेंढपाळ नुंत्सिओ टोपी काढून उठला.

"तुम्ही पुढे जा, बाई," तो म्हणाला. "माझा दमा एकतीस वर्षं तुम्ही सांभाळलात. आज माझं गाऱ्हाणं थांबेल तासभर."